हासुईचा बर्फ पिवळा पडला: ‘शिबा झोजोजी’ अडीच वर्षांनंतर

परवा ‘शिबा झोजोजी’ फ्रेममधून बाहेर काढली आणि पोटात गोळा आला. जपानी चित्रकार कावासे हासुईची ही लाकडी ठोकळ्यांवरून छापलेली छाप, टोकियोतल्या झोजोजी मंदिराची, बर्फातली. माउंटची, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याची, कड जिथे टेकत होती तिथे पिवळट रेघ, थेट जमिनीवरच्या बर्फात. मागे साध्या चिकटपट्टीचे दोन तुकडे, तेल सुटलेले. टोकियोतले दोनच पावसाळे भिंतीवर काढले होते तिने.

हासुईच्या या चित्रात बर्फ छापलेलाच नाही. लाल दरवाजा, पाइन, करडं आभाळ, सगळ्याला रंग; छपरावरचा आणि फांद्यांवरचा बर्फ म्हणजे कोरा कागद. त्यामुळे कागद पिवळा पडला की बर्फच पिवळा पडतो. हासुईची संध्याकाळची एखादी निळी पावसाळी छाप असती तर ही रेघ कदाचित खपून गेली असती. इथे नाही खपत.

फ्रेमवाल्याला अठरा हजार येन मोजले होते. पुठ्ठ्यातल्या आम्लाने कागद पिवळा पडतो, म्हणून पुठ्ठा आम्लविरहित हवा, हे तोंडाने सांगितलंही होतं. आता म्हणतो, सगळ्यांना हाच लावतो, तक्रार कुणाची नाही. पैसे परत नाहीत, साधी दिलगिरीही नाही. तुम्ही कुठेही फ्रेम करा, पुठ्ठा आणि चिकटवण्याची पद्धत बिलावर लिहून घ्या.

प्रतीबद्दलचं माझं मत मात्र पार बदललं. चित्र 1925 चं, माझी प्रत हासुई 1957 मध्ये गेल्यानंतर त्याचे प्रकाशक वातानाबे यांच्याकडेच छापलेली. हासुईच्या हयातीतली परवडणारी नव्हती. 1923 च्या भूकंपात वातानाबेंचं दुकान ठोकळ्यांसकट जळालं, त्याआधीच्या हासुईच्या इतर छापांच्या तर किमतीही मी विचारत नाही. टोकियोतल्या जुन्या पुस्तकांच्या बाजारात, जिनबोचोत, ही प्रत घेताना आभाळात गोल गोल ओरखडे दिसले. छपाईतला दोष समजून मी भाव पाडायला बसलो. दुकानदार आजोबांनी शांतपणे प्रत खिडकीशी नेऊन तिरकी धरली. तरी मला पटलं नव्हतं. छापणाऱ्याने बारेन, म्हणजे कागद ठोकळ्यावर दाबायची गोल चकती, घासताना मुद्दाम ठेवलेल्या खुणा आहेत त्या. सकाळचं ऊन खोलीत आडवं येतं तेव्हा त्या वळणांमुळे आभाळ हलतंय असं वाटतं, वारा दिसतो. आता सगळ्यात आधी माझी नजर तिथेच जाते.

नवा माउंट मी स्वतः केला. आम्लविरहित पुठ्ठा, वरच्या कडेला पातळ जपानी कागदाच्या दोन बिजागऱ्या आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ. आई आकाशकंदिलाला करायची तिच्याच जातीची, फक्त जास्त गाळलेली. पाण्याने सुटते, म्हणून तीच वापरायची. जुनी चिकटपट्टी ओढायला गेलो नाही, कागदाचा थर निघून येतो. ती कागद दुरुस्त करणाऱ्या बाईंकडे सोपवणार आहे. खर्च फ्रेमपेक्षा जास्त सांगितलाय, तरी देणार.

आता ती फक्त डिसेंबर ते फेब्रुवारी भिंतीवर, तीही उन्हापासून लांब. बाकी वर्षभर कपाटातल्या पेटीत, शेजारी ओल शोषणारी पाकिटं. काल आत ठेवताना भिंगातून पाहिलं. वाऱ्याला छत्री आडवी धरून चाललेल्या त्या बाईच्या छत्रीवरचा बर्फ अजून पांढराशुभ्र आहे.