विश्रामबागमधली वीकेंड जावा बॅच: प्रायव्हेटच्या पुढचं शिकायचं असेल तर जा

सांगलीत जावा शिकवणारे ढीगभर आहेत, पण एनकॅप्सुलेशन (क्लासमधला डेटा बाहेरच्यांपासून जपणं) आलं की फील्डला प्रायव्हेट लावा म्हणजे क्लासबाहेरून ते वापरता येत नाही, गेटर-सेटर (ते वाचायच्या-बदलायच्या मेथड) जनरेट करा, झालं, व्हायवाला तेवढं पुरतंय. इथं तसं नाही. सरांनी मार्केट यार्डातल्या हळदीच्या अडत्याचं खातं घेतलं, नोंदींची लिस्ट प्रायव्हेट, आणि गेटर मात्र तीच लिस्ट बाहेर देतोय. मग बाहेरच्या कोडमधनं एका ओळीत क्लिअर मारून सगळी उधारी साफ करून दाखवली राव! कंपाइलर गप्प, कारण प्रायव्हेट लागतं ते फील्डच्या नावाला, तिथं ठेवलेल्या ऑब्जेक्टला नाही.

कुणीतरी म्हणालं लिस्टचं कॉपीऑफ वापरू, ते बदलता न येणारी प्रत देतं, जावा १० पासून आहे ते. वापरलं, मूळ लिस्ट वाचली, पण हातात आलेल्याचा टाइप अजून लिस्टच, त्यामुळं ॲड लिहिलं तरी कंपाइल होतंय आणि एक्सेप्शन येतं ते रनटाइमला, म्हणजे गिऱ्हाईक काउंटरवर उभं असताना. मग टाइपच असा द्या की ज्यात ॲड नाहीच, असं सर म्हणाले. गेटरमधनं स्ट्रीम (नोंदी एकेक करून नुसत्या वाचायला देणारा टाइप) दिला, ॲडला तिथंच लाल रेघ. नोंदीचा क्लास जावाचा रेकॉर्ड केला (एकदा बनला की त्याची फील्ड बदलता येत नाहीत), नाहीतर लिस्ट सोडून आतला आकडाच कुणी बदलला असता. आणि बाहेर द्यायचा फक्त शिल्लक दाखवणारा इंटरफेस (नुसती मेथडची यादी), मागचा क्लास पॅकेजबाहेर दिसतच नाही त्यामुळं कास्ट करायलाही (इंटरफेसवरून परत त्या क्लासच्या टाइपवर जायलाही) जागा नाही. या भागाला लय वेळ दिला, माझे पैसे तिथंच वसूल. (मधल्या सुट्टीत भडंगही मिळतंय.)

टाइपस्क्रिप्ट (जावास्क्रिप्टवर टाइप चढवलेली भाषा) मात्र उरकलं. तिथलं प्रायव्हेट जावास्क्रिप्ट झाल्यावर उरतच नाही, चौकटी कंसात फील्डचं नाव लिहिलं तर टाइप तपासतानासुद्धा अडवत नाही, रनटाइमलाही लपवायचं तर ईएस २०२२ (जावास्क्रिप्टचं स्टँडर्ड) मधलं हॅशवालं (नावाआधी #) फील्ड पाहिजे, एवढं सांगून पुढं. रिफ्लेक्शनला (चालू प्रोग्रॅममधनं क्लासच्या आत हात घालणं) तर हातच लावला नाही, प्रायव्हेटच्या गप्पा मारायच्या आणि प्रायव्हेटची अडवणूक उठवणारं सेटॲक्सेसिबल सांगायचं नाही हे काय पटलं नाही.

लॅबच्या पीसीवर अजून जावा ८ आहे, त्यात कॉपीऑफही नाही आणि रेकॉर्डही नाही, त्यामुळं निम्मी पोरं नुसती स्क्रीनकडं बघत बसली. जाणार असाल तर स्वतःचा लॅपटॉप न्या आणि जावा १७ घरूनच टाकून न्या, तिथलं वायफाय रविवारी जीव सोडतंय.