एक्केचाळीस हजार श्रोते आणि तेवीस माणसं

ज्याने आम्हाला फसवलं तो माणूस आमच्याशी एकदाही वाकडं बोलला नाही. उलट आमच्या अल्बमबद्दल एवढ्या प्रेमाने वर्षभरात दुसरं कोणीच बोललं नव्हतं. सगळं तिथेच बिघडलं.

आमचा चार जणांचा बँड, पुण्यातला. गातो मराठीत, वाजवतो रॉक. मी बेसवर. सोमवार ते शुक्रवार हिंजवडी, बाकी तिघांचंही थोड्याफार फरकाने तेच. दीड वर्ष शनिवार-रविवार जाळून, जॅमरूमला तासाचे साडेचारशे मोजून आठ गाण्यांचा अल्बम केला. ड्रम स्टुडिओत एका दिवसात उरकले, बाकी सगळं माझ्या बेडरूममध्ये, खिडकीला गोधड्या लटकवून. मिक्सिंग-मास्टरिंग धरून १ लाख ३० हजार गेले. श्रावणात अल्बम आला. महिन्याभरात सगळ्यात जास्त चाललेलं गाणं ७४० वेळा ऐकलं गेलं होतं, आणि त्यातले शंभर तरी ड्रमरच्या आईचे असणार.

हा ७४० आकडा का टोचत होता ते सांगतो. स्पॉटिफायवर, म्हणजे गाणी ऐकायच्या अॅपवर, २०२४च्या सुरुवातीपासून नियम आहे की मागच्या १२ महिन्यांत एखादं गाणं किमान १,००० वेळा वाजलं नसेल, तर त्या गाण्याचे पैसे मिळत नाहीत. पैसे तसेही चहापुरतेच असतात, प्रश्न पैशांचा नव्हता. पण हजाराच्या खाली राहणं म्हणजे आपलं गाणं हिशेबातच नाही, असं वाटायला लागतं. त्यात आमची स्वतःची एक चूक झाली होती. गाणं प्रसिद्ध होण्याआधी, शक्यतो किमान सात दिवस, ते स्पॉटिफायच्या संपादकांकडे प्लेलिस्टसाठी पाठवता येतं, कलाकाराच्या स्वतःच्या खात्यातून, फुकट. आम्ही कव्हरच्या रंगावरून भांडत बसलो आणि अल्बम चढवला चार दिवस आधी. ती संधी गेली. तेव्हापासून सगळेच जरा चरफडत होतो.

अशात इन्स्टाग्रामवर मेसेज आला. ‘तुमचं दुसरं गाणं ऐकलं. २ मिनिटं १४ सेकंदांना बेस जे करतो ते आज मराठीत कोणीच करत नाहीये.’ मी लगेच गाणं लावलं. २:१४ला गिटार थांबते आणि चार मात्रा नुसता बेस राहतो. मी ते चौदा वेळा रेकॉर्ड केलं होतं. कोणाच्या तरी कानाने ते टिपलं, एवढ्यावर मी त्या माणसाचा झालो. ग्रुपवर मेसेज टाकला तर गिटारिस्टने लिहिलं, ‘फक्त बेस?’ म्हणजे तोही अर्धा त्याचा झालाच होता.

पुढे व्हॉट्सअॅप. तो म्हणे नव्या इंडी, म्हणजे स्वतःच्या खर्चाने गाणी काढणाऱ्या, बँडना ‘योग्य कानांपर्यंत’ पोचवतो. तीन गाणी, तीन महिने, १८ हजार. निम्मे आधी, निम्मे आकडे दिसल्यावर. हे निम्मे-निम्मे ऐकून आम्हाला तो फारच सरळ वाटला. पहिले ९ हजार एका बाईच्या नावच्या यूपीआयवर गेले, दुसरे भलत्याच माणसाच्या, आणि बिलावर तिसरंच नाव. बिलात लिहिलं होतं, ‘डिजिटल प्रमोशन – स्ट्रीम वाढवणे.’ हे चार शब्द लक्षात ठेवा, पुढे लागतील. चॅटमधले मेसेज २४ तासांनी आपोआप पुसले जातील अशी सोयही त्याने पहिल्याच दिवशी करून ठेवली होती. मला वाटलं, माणूस टापटिपीचा आहे.

आकडे आले. आठवड्यात महिन्याचे श्रोते तीनशेवरून ९ हजार, मग २२, मग ४१ हजार. ऑफिसच्या मीटिंगमध्ये मी टेबलाखाली फोन धरून ते बघायचो.

स्पॉटिफायच्या कलाकारांसाठीच्या अॅपमध्ये त्या आकड्याच्या दोन बोटं खाली गावांची यादी असते. आमच्या यादीत पहिल्या दहात युरोप-अमेरिकेतली शहरं होती, पुणे अकराव्या नंबरवर गेलं होतं, आणि पुण्याचे श्रोते होते तेवढेच, दोनशेच्या आसपास. गाणं स्वतःच्या यादीत साठवून ठेवणारे १९. फॉलोअर ११२ होते ते ११८ झाले. ४१ हजार माणसं गाणं ऐकतात आणि सहा जणांना बँडचं नाव लक्षात ठेवावंसं वाटतं, हे गणित चौथीतल्या पोराला खटकलं असतं. आम्ही चौघेही इंजिनियर. ज्या प्लेलिस्टमध्ये आम्हाला टाकलं होतं ती उघडायचेही कष्ट घेतले नाहीत. नंतर उघडली: झोपेसाठी पावसाचा आवाज, एक पंजाबी रॅप, कुठलंसं पोर्तुगीज गाणं, मग आम्ही, मग भजन. अशी यादी कुठलाही माणूस आवडीने लावत नाही. ३० सेकंद वाजलं की एक स्ट्रीम मोजला जातो, आणि तेवढं वाजवून पुढे जायला माणूस लागतच नाही.

१८ हजारांचा खड्डा आम्ही मुकाट्याने बुजवला असता. पण त्या आकड्याच्या जोरावर आम्ही शो लावला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: छोट्या जागी वाजवायचं तर बहुतेक तिकिटाची वाटणी असते. जागा त्यांची, गर्दी तुमची, आलेल्या पैशांत ७० टक्के बँडचे, ३० जागेचे. आम्ही असे गुरुवारचे शो केलेत, तीस-चाळीस माणसं येतात, कोणाचं फार नुकसान होत नाही. या वेळी आम्हाला शनिवार हवा होता, अल्बमचा लाँच म्हणून. बाणेरजवळच्या त्या जागेचे मालक भला माणूस. त्यांनी सरळ विचारलं, ‘किती येतील?’ आम्ही फोन पुढे केला. ४१ हजार. ते म्हणाले, ‘मग शनिवार घ्या, पण खाण्यापिण्याचं बिल ३० हजारांच्या खाली गेलं तर फरक तुम्ही भरायचा.’ आम्ही हसतच सही केली. गिटारिस्ट तर म्हणाला, गर्दी आवरायला दारावर माणूस लागेल. नाशिकच्या एका पंक बँडला आधी वाजवायला बोलावलं, येण्याजाण्याचे ४ हजार देऊन.

आली तेवीस माणसं. त्यातली नऊ आमची पाहुणे मंडळी, फुकट. ३४९ रुपयांची तिकिटं गेली चौदा. ड्रमरच्या आई, काकू, पहिल्या रांगेत कानात कापूस घालून बसल्या होत्या आणि प्रत्येक गाण्यानंतर कापूस काढून टाळ्या वाजवत होत्या. वाजवलं आम्ही चांगलं, हे खरं सांगतो. पण तिसऱ्या गाण्याला माझी नजर रिकाम्या खुर्च्यांवर गेली आणि तिथेच राहिली. खाण्यापिण्याचं बिल झालं ११,२००. फरक १८,८००. तिकिटातला आमचा वाटा ३,४२० वजा केला तरी १५,३८० देणं. मालक एक शब्द बोलले नाहीत, त्याने जास्त लाज वाटली. त्या रात्री ८ हजार होते ते दिले.

नंतर नाशिकच्या पोरांबरोबर बाहेर भुर्जी-पाव खात होतो. मी सहज त्या माणसाचा विषय काढला. त्यांचा ड्रमर म्हणाला, ‘आम्हाला पण आलेला मेसेज, २:१४ला बेस भारी आहे म्हणून.’ मी म्हटलं, मग? तो म्हणाला, ‘आमचं गाणं १ मिनिट ५८ सेकंदांचं आहे.’

ती पोरं पोट धरून हसत होती. मी पण हसलो, पण घरी गेल्यावर ते २:१४ पुन्हा लावायची हिंमत झाली नाही. अजूनही त्या चार मात्रा आल्या की हात किंचित घाबरतो.

चार दिवसांनी डिस्ट्रिब्युटरचा, म्हणजे आमची गाणी अॅपवर चढवणाऱ्या कंपनीचा, ईमेल: कृत्रिम स्ट्रीम आढळल्यामुळे तीन गाणी काढली आहेत. २०२४पासून स्पॉटिफाय अशा प्रकारात प्रत्येक गाण्यामागे साधारण १० युरो दंड लेबलला किंवा डिस्ट्रिब्युटरला लावतं, आणि तो फिरून बँडच्या गळ्यात येतो. आमचे २,८०० गेले. आम्ही त्या माणसाला गाठलं, तर तो जराही गडबडला नाही. असं होतं म्हणे, ६,५०० भरा, ‘क्लिअरन्स’ करून देतो. आम्ही तिघांनी नाही म्हटलं. गिटारिस्टने रात्री गुपचूप स्वतःच्या खिशातून पाठवले. आम्हाला त्याने हे तीन आठवड्यांनी सांगितलं. त्याच्यावर चिडता आलं नाही. लाज झाकायला माणूस काय वाटेल ते करतो, आणि ते ठगाला आपल्यापेक्षा चांगलं माहीत असतं.

मग तक्रार. १९३० या नंबरवर फोन केला, सायबर क्राइमच्या पोर्टलवर नोंद केली. पैसे गेल्या गेल्या हे केलं तर ते पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता असते, आम्ही गेलो पाच आठवड्यांनी. पोलीस ठाण्यातल्या साहेबांनी कागद शांतपणे वाचले आणि विचारलं, ‘स्ट्रीम वाढवून देतो म्हणाला. वाढले ना?’ वाढले होते. बिलावर तेच चार शब्द होते. त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. श्रोते देतो असं त्याने कुठेच लिहून दिलं नव्हतं, ते आमचं आम्ही वाचलं होतं. आता तक्रार उभी आहे ती गिटारिस्टच्या ६,५००वर, कारण तिथे त्याने एक काम कबूल केलं आणि केलं नाही. आणि ते सिद्ध करायला स्क्रीनशॉट फक्त दोन, कारण बाकीचं संभाषण २४ तासांत पुसलं गेलेलं.

तेव्हा तुम्हाला असा मेसेज आला तर त्याला एकच विचारा: हे लोक कुठल्या गावचे? खरा प्रमोशनवाला गाणं ऐकवतो, लोकांना आवडलं तर आवडलं. आकड्याची हमी जो देतो त्याच्याकडे माणसं नसतात. पैसे दिलेच असतील तर गावांची यादी आणि साठवणाऱ्यांचा आकडा रोज बघा, आणि गडबड दिसली की डिस्ट्रिब्युटरला स्वतःहून कळवा, गाणी उतरायच्या आत. चॅट पुसली जात असेल तर त्याच दिवशी फोटो काढून ठेवा. आणि त्या आकड्यावर कुठल्याही जागेला कसलीही हमी देऊ नका, निदान हे तरी ऐका. दिल्लीचा पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनी हा बँड २००९पासून वाजवतोय आणि बाहेरच्या लोकांना त्यांचं नाव कळायला पुढे कित्येक वर्षं गेली. आम्हाला एका श्रावणात सगळं हवं होतं.

तिन्ही गाणी पुन्हा चढवली आहेत, शून्यापासून. जागेच्या मालकांचे ७,३८० राहिले होते. ते आम्ही बुधवारी संध्याकाळी तिथे ड्रमशिवाय, दोन गिटार आणि बेसवर वाजवून फेडतोय, एका बुधवारचे हजार. दोन बुधवार झाले. परवा एकोणीस जण होते. त्यातल्या सहा जणांना आम्ही कोणीच ओळखत नव्हतो.