हीटर प्लग बदलायचेत: धातूचे घ्यावेत की सिरॅमिकचे?

थंडीत सेल्फ नीट फिरतो, पण इंजिन पकडत नाही आणि सायलेन्सरमधून डोळ्यांना झोंबणारा पांढरा धूर येतो. तो न जळलेल्या डिझेलचा. आधी हीटर प्लग, म्हणजे थंडीत डिझेल इंजिनाचा सिलिंडर आतून तापवणारा प्लग, मोजा. मल्टीमीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवून येणारा आकडा लक्षात ठेवा, मग प्लगची वायर काढून ती जिथे लागते ते टोक आणि हेड (सिलिंडरवरचं धातूचं झाकण) यांच्यामधला रेझिस्टन्स घ्या आणि पहिला आकडा वजा करा. धातूचा चांगला प्लग थंड असताना साधारण 0.5 ते 1.5 ओहम दाखवतो. ओपन, म्हणजे करंटचा रस्ताच तुटलेला, दाखवला तर आतली कॉइल तुटली. सगळे चांगले असूनही करंट पोचत नसेल, तर फ्यूज किंवा रिले (प्लगचा करंट चालू-बंद करणारा स्विच) बघा; नवे प्लग घालून उपयोग नाही.

धातूच्या प्लगमध्ये नळीत कॉइल असते आणि तिच्याभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटी ठासलेली असते. तो 1000 अंशांच्या आसपास तापतो. नव्या बनावटीचा काही सेकंदांत, जुना मात्र 10 ते 20 सेकंद घेतो. सिलिकॉन नायट्राइडचा सिरॅमिक प्लग दोन-तीन सेकंदांत तिथवर जातो, पुढे 1200 च्याही वर चढतो आणि इंजिन सुरू झाल्यावर काही मिनिटं तापता ठेवता येतो. कमी कॉम्प्रेशनच्या इंजिनाला याचा फरक चांगलाच जाणवतो: आयडलला खडखड कमी, धूरही कमी.

म्हणून सगळीकडे सिरॅमिकच घालावा? नाही. निवड बहुतेक वेळा इंजिनानेच करून ठेवलेली असते. साध्या टायमर-रिलेवर 11 व्होल्टचा प्लग चालतो. 7, 5 किंवा 4.4 व्होल्टच्या प्लगला कंट्रोल युनिट मोजून करंट देतं. असा प्लग ‘लाल होतो का बघू’ म्हणून थेट बॅटरीला लावला की काही सेकंदांत जळतो. त्यामुळे मूळ पार्ट नंबर सोडू नका. कंपनीने दोन्ही प्रकार मान्य केले असतील तरच कडाक्याच्या थंडीसाठी सिरॅमिकला जादा पैसे मोजा.

बिघडण्याची तऱ्हाही वेगळी. रिले चिकटून करंट चालूच राहिला की धातूचं टोक फुगतं आणि भोकातून बाहेर येत नाही. सिरॅमिक फुगत नाही, तडकतो. हातातून पडलेला सिरॅमिक प्लग दिसायला धड असला तरी बसवू नका. तुकडा सिलिंडरमध्ये पडला तर पिस्टन आणि टर्बो दोन्ही धोक्यात.

काढताना इंजिन गरम हवं. आट्यांवर गंज सोडवणारं तेल टाकून थांबा. एम8 (8 मिलिमीटर आट्यांचा) प्लगला 20 आणि एम10 ला 35 न्यूटन-मीटरच्या वर जोर लावलात तर प्लग हेडमध्येच तुटू शकतो. सुटत नसेल तर पुन्हा तेल टाका, पाना लांब करू नका. नवा बसवण्याआधी ग्रीस लावलेल्या रीमरने (भोक खरवडून साफ करणाऱ्या हत्याराने) भोकातला कार्बन काढा. एम8 साठी 10 न्यूटन-मीटरच्या आसपास पुरे, पण कंपनीचा आकडा असेल तर तोच पाळा.

आणि प्लग चालू असताना ईथरचा स्प्रे अजिबात मारू नका. तापलेल्या टोकावर तो अवेळी पेटतो आणि पिस्टनची रिंग किंवा कनेक्टिंग रॉड घेऊन जातो.