नाट्यगीतांच्या साथीला रोलँड एससी-५५ एमके-टू : सूर जुळवून घेतला तर

रोलँड कंपनीचे साउंड कॅनव्हास एससी-५५ एमके-टू हे मॉड्यूल, म्हणजे स्वतःच्या पट्ट्या नसलेली, बाहेरच्या कीबोर्डवरून वाजवायची आवाजांची पेटी, १९९३ साली बाजारात आले. त्याचे उत्पादन थांबून बराच काळ लोटला असून आज ते वापरलेल्या वाद्यांच्या बाजारातच मिळते. तरीही त्याचे परीक्षण लिहावेसे वाटले, कारण सांगलीत नाट्यगीतांच्या तालमींना ऑर्गनची साथ हवी असते, चालू स्थितीतला पायपेटीचा ऑर्गन मिळणे आणि मिळालाच तर तो जिना चढवून वर नेणे या दोन्ही गोष्टी अवघड होत चालल्या आहेत, आणि कोणत्याही मिडी (विद्युत वाद्यांनी एकमेकांना संदेश पाठवण्याची ठरलेली पद्धत) कीबोर्डला जोडता येणारे, खांद्याच्या पिशवीत मावणारे हे यंत्र ती उणीव बऱ्यापैकी भरून काढते. मात्र कारखान्यातून आलेल्या सेटिंगवर ते वाजवले तर ऐकणाऱ्याची निराशा होईल. सेटिंग बदलण्याचे कष्ट घेणाऱ्यालाच हे मॉड्यूल पावते.

यंत्राची रचना सुबोध आहे. सोळा पार्ट, म्हणजे वाद्यांच्या सोळा जागा, असून प्रत्येकाला स्वतंत्र वाद्य, लेव्हल (आवाजाची पातळी), पॅन (डावी-उजवी बाजू), रिव्हर्ब (घुमारा), कोरस (आवाज दाट करणारा परिणाम), की-शिफ्ट (पट्टी वर-खाली करणे) आणि मिडी चॅनेल देता येतो. या प्रत्येकासाठी पुढच्या बाजूला बटणांची जोडी आहे, आणि नारिंगी पडद्यावर सोळाही पार्टचे पट्टे एकाच वेळी हलताना दिसत असल्यामुळे कोणता पार्ट वाजतो आहे हे शोधावे लागत नाही. आजकालच्या वाद्यांत एक साधा रिव्हर्ब कमी करायला मेनूच्या तीन पायऱ्या उतराव्या लागतात, त्या तुलनेत ही मांडणी मला अधिक समंजस वाटते.

ऑर्गनसाठी जनरल मिडीच्या, म्हणजे सर्व कंपन्यांसाठी ठरवलेल्या वाद्यक्रमांकांच्या, यादीतला २१ क्रमांकाचा रीड ऑर्गन घ्यावा. तो मुळात थोडा कर्कश आहे, स्वर झटकन सुरू होतो आणि भात्याचा भरणा त्यात जाणवत नाही. त्यावर पहिला उपाय म्हणजे रिव्हर्ब कमी करणे. प्रत्येक पार्टला मुळात ४० इतका रिव्हर्ब दिलेला असतो, आणि ज्या सभागृहाला स्वतःचाच घुमारा आहे तिथे तेवढ्याने गायकाचे शब्द पुसट होतात. १० ते १५ पुरेसा होतो. दुसरा उपाय फिल्टरचा. कंट्रोलर (सेटिंग बदलणारा मिडी संदेश) क्रमांक ९९ वर १, ९८ वर ३२ आणि मग ६ वर ५४ असे तीन संदेश पाठवले की कटऑफ, म्हणजे ज्याच्या वरचा आवाज फिल्टर गाळतो ती मर्यादा, मूळच्या ६४ वरून खाली येतो आणि वरचा पत्र्यासारखा आवाज निघून जातो. ९८ वर ३२ ऐवजी ९९ पाठवल्यास तीच पद्धत अटॅकला, म्हणजे स्वर सुरू व्हायला लागणाऱ्या वेळाला, लागू होते. तिथे ७० ठेवले की स्वर किंचित उशिराने, हवा भरल्यासारखा उमलतो. यापलीकडे गेल्यास मात्र द्रुत तानांच्या साथीत बोटे गळ्याच्या मागे पडल्यासारखी वाटतात. त्यामुळे संथ पदासाठी एक आणि चपळ पदासाठी दुसरा, असे दोन पार्ट निराळे बांधून ठेवणे चांगले.

या मॉड्यूलची खरी किंमत कळते ती स्केल ट्यूनिंगमध्ये, म्हणजे एकेक स्वर वेगळा लावण्यात, आणि ही सोय पुढच्या बटणांवर मुळीच नाही. सप्तकातल्या बाराही स्वरांना प्रत्येकी ६४ सेंटपर्यंत (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग) खाली आणि ६३ सेंटपर्यंत वर सरकवता येते, तेही प्रत्येक पार्टसाठी वेगळे, पण त्यासाठी संगणकावरून सिस्टिम एक्सक्लुझिव्ह, म्हणजे खास त्या यंत्रापुरता असलेला, संदेश पाठवावा लागतो. मुळात सर्व स्वरांचे मूल्य ६४ असते, आणि एक आकडा म्हणजे एक सेंट. पांढरी एकचा षड्ज धरून मी शुद्ध गंधार ५०, शुद्ध धैवत ४८, शुद्ध निषाद ५२, पंचम ६६ आणि मध्यम ६२ असा ठेवतो. कोमल गंधार ८० आणि कोमल धैवत ७८ वर चढतो. मिरजेच्या तानपुऱ्यासमोर आधी मूळ गंधार आणि मग ५० वरचा गंधार लांबवून ऐकावा. पहिला तारेच्या आत ऐकू येणाऱ्या स्वयंभू गंधाराशी घासून लाटा उठवतो, दुसरा त्यात विरून जातो. ज्यांना धैवताचा रिषभाशी संवाद हवा आहे त्यांनी ४८ ऐवजी ७० घ्यावा, आणि कोणता राग आहे हे पाहूनच तो निर्णय करावा. दरबारीचा आंदोलित कोमल गंधार अशा कोणत्याही आकड्यात बसत नाही, तिथे पट्टीवरच्या बोटाने गप्प राहिलेले बरे.

हा प्रश्न या मुलुखाला नवा नाही. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि इंग्रज अधिकारी क्लेमेंट्स यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी श्रुतींची मापे घेताना अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्याचा आधार घेतला, आणि पुढे खाँसाहेब मिरजेतच स्थायिक झाले. पेटीच्या समान अंतरांच्या स्वरांवर तेव्हा घेतलेला आक्षेप हे यंत्र निदान ठरावीक स्वरांपुरता दूर करते. म्हणूनच ही सोय बटणावर न देणे हा मला या मॉड्यूलचा सर्वांत मोठा दोष वाटतो.

दुसरी अडचण पट्टीची आहे. हे आकडे स्वराच्या नावाला नव्हे, तर कीबोर्डवरच्या जागेला चिकटलेले असतात. गायकाने काळी एक घेतली की गंधार पांढरी चारवर जातो, गायिकेने काळी चार घेतली की तो पांढरी एकवर येतो, आणि त्या त्या वेळी बाराही आकडे फिरवून घ्यावे लागतात. प्रत्येक पट्टीचा संदेश आधीच तयार करून फाइलमध्ये साठवावा, कारण संदेशाच्या शेवटी येणारी चेकसमची (संदेश बरोबर पोचला का हे पडताळणाऱ्या आकड्याची) बेरीज कार्यक्रमाच्या आयत्या वेळी करणे कुणालाही जमणार नाही. तानपुरा ४४० हर्ट्‌झच्या मापाने लावलेला नसेल तर मास्टर ट्यून (सगळ्या यंत्राचा मूळ सूर) आधी सरकवावा आणि मगच स्केल ट्यूनिंगकडे वळावे.

इतर वाद्यांविषयी फार लिहिण्यासारखे नाही. यादीत १०५ वर सतार आणि ११२ वर शहनाई आहे. पिच बेंडची (वाजता स्वर वर-खाली ओढण्याची) मर्यादा दोन अर्धस्वरांवरून पाचांपर्यंत वाढवली तर सतारीवर मींड निघते, परंतु ज्या गावच्या सतारीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले त्या मिरजेच्या शेजारी बसून तिचे कौतुक करवत नाही. तबला जनरल मिडीच्या ठरलेल्या ड्रम नकाशात, म्हणजे तालवाद्यांच्या यादीत, नाहीच. तो वाजवणारा माणूसच हवा.

वापरताना दोन गोष्टींची काळजी घ्यावी. जीएस रिसेटचा (रोलँडच्या जीएस पद्धतीतला, यंत्र मूळ स्थितीत आणणारा) संदेश आला की केलेली सर्व सेटिंग मूळ पदावर जातात, आणि बऱ्याच मिडी फाइलींच्या आरंभी तो संदेश असतोच; म्हणून रिसेटनंतर किमान ५० मिलिसेकंद जाऊ देऊन आपले संदेश पाठवावेत आणि फाइलचे पहिले आवर्तन त्यासाठी रिकामे सोडावे. दुसरे असे की काही अगदी स्वस्त यूएसबी-मिडी केबली साधे स्वर नीट पोचवतात, पण लांब एक्सक्लुझिव्ह संदेश मध्येच तोडतात. मला मिळालेल्या अशा एका केबलने स्केल ट्यूनिंगचा संदेश कधीच पूर्ण पोचवला नाही, तोच संदेश दुसऱ्या केबलने तत्काळ लागू झाला. सूर बदलत नसेल तर मॉड्यूलला दोष देण्याआधी केबल बदलून पाहावी.

एकूण २८ आवाज एका वेळी वाजू शकतात, आणि काही वाद्ये एका स्वराला दोन आवाज खर्च करतात, त्यामुळे ऑर्गनखाली तारवाद्यांचा जाड थर लावला की लांबवलेले स्वर तुटू लागतात. नाट्यगीताला तो थर नकोच असतो. विकत घेताना पडद्याचा उजेड सगळीकडे सारखा आहे ना, आवाजाचे बटण फिरवताना खरखर येत नाही ना, हे पाहावे. आणि सोबत मूळ अडॅप्टर नसेल तर यंत्रावर छापलेले व्होल्ट आणि ध्रुवांची खूण वाचल्याशिवाय दुसरा कोणताही अडॅप्टर त्याला जोडू नये.