माझा ओरखडा कुठे गेला?

आकडा आधीच सांगून टाकतो, म्हणजे उत्सुकता संपेल. सगळे मिळून १०,७०० रुपये फसवणुकीत गेले. एवढ्यासाठी कोणी इतकं लिहीत बसत नाही, मीही बसलो नसतो. पण पैशाबरोबर आणखी एक गोष्ट गेली, आणि ती माझ्याच नादापायी गेली. जुनी किल्लीची घड्याळं उघडायचा, साफ करून परत जोडायचा नाद ज्यांना लागलाय किंवा लागू घातलाय, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

मी परभणीत राहतो, शाळेत गणित शिकवतो. तीन वर्षांपूर्वी स्टेशन रोडवरच्या एका म्हाताऱ्या घड्याळजींच्या खोक्याएवढ्या दुकानात पट्टा बदलायला गेलो आणि तिथेच स्टुलावर बसून राहिलो. सगळं गाव त्यांना मामू म्हणतं. शाळा सुटली की मी तिथे. त्यांच्याकडे बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता, त्यात मेलेली घड्याळं. शिकायचं ते त्यांच्यावर. पहिला महिनाभर स्क्रू काढणं आणि लावणं, एवढंच. मग कमान, म्हणजे किल्ली दिली की आवळणारी स्प्रिंग, उतरवणं. घड्याळाला किल्ली भरलेली असताना वरचा ब्रिज, म्हणजे चाकांवरची धातूची पट्टी, उचलला तर कमानीतला सगळा जोर एका झटक्यात चाकांवर येतो आणि दात जातात. म्हणून आधी किल्ली धरायची, क्लिक, म्हणजे कमान उलटी सुटू न देणारा खटका, मागे सारायची आणि बोटांतून हळूहळू सोडायची. मग बॅलन्स (मागेपुढे डोलणारं चाक), मग पॅलेट (चाकांना ठोक्याठोक्याने सोडणारा भाग), मग चाकं. स्टीलच्या वाटीत पेट्रोल, त्यात ब्रशने धुणं, आणि वाळत घातलेल्या भागांवर उलटा पेला. मामूंची एक ताकीद होती, "चलती घडी को हात नक्को लगाव." चालत्या घड्याळाला हात लावू नको.

ती मी मोडली, पण ते पुढे.

मामूंच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि दुकान बंद झालं. मला तर सरावाला घड्याळं हवी होती. इथे एक गोष्ट समजून घ्या, कारण सगळा धंदा तिच्यावर उभा आहे. एचएमटीने १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने बंगळूरला घड्याळं बनवायला सुरुवात केली. घराघरांत जनता, पायलट, सोना, कोहिनूर दिसू लागली. २०१६ च्या जानेवारीत सरकारने एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली. म्हणजे आता कारखान्यातून नवा स्पेअर येत नाही. जुना शिल्लक साठा असेल तो, नाहीतर एका घड्याळातून काढून दुसऱ्यात. आणि बॅलन्स धड असलेलं चांगलं मशीन (कारागीर आतल्या यंत्राला मशीनच म्हणतात) दिसतं त्यापेक्षा जास्त किमतीचं असतं.

मोबाइलवर शोधता शोधता एक माणूस सापडला. संभाजीनगरला शहागंजच्या घड्याळ टॉवरमागे वडिलांच्या काळापासून दुकान आहे, म्हणाला. बोलायला गोड, प्रत्येक वाक्यात "सर". पहिल्यांदा तीन बंद मशीनं घेतली, ६०० रुपयांत. उत्तम निघाली. एकाचा तुटलेला स्क्रूसुद्धा त्याने न विचारता सांगितला होता. इथेच मी गळाला लागलो. दोष स्वतःहून सांगणाऱ्या माणसावर आपण पटकन विश्वास टाकतो.

आणि मी काय केलं, तर गप्पांच्या भरात मी काय काय तपासतो ते त्याला सांगितलं. स्क्रूच्या खाचा कुरतडलेल्या आहेत का बघतो, सेकंद काटा फिरतो का बघतो, ब्रिजवरची अक्षरं बघतो. मास्तर माणूस, शिकवायची खोड. त्यानंतर मला आलेल्या प्रत्येक फोटोत स्क्रूच्या खाचा चकाचक, काटा फिरतानाचा व्हिडिओ आणि अक्षरांचा जवळून काढलेला फोटो. जे मी विचारलंच नव्हतं ते कधी दिसलं नाही. डायलची मागची बाजू, कडा, घड्याळ सपाट ठेवल्यावर पाच मिनिटांनीही चालतंय का, हे काहीच नाही.

मग आली ती "दुकान बंद होतंय, दहा घड्याळांचा लॉट, सर तुमच्यासाठीच ठेवलाय" अशी ऑफर. ८,५०० रुपये, आधी पाठवायचे. त्यात दोन पायलट आणि एक फावर-ल्युबा, स्विस कंपनीचं. पार्सल आलं, मोजून दहा. विटा-दगड निघाल्याच्या गोष्टी आपण ऐकतो, तसं काही नाही. घड्याळंच होती.

फावर-ल्युबाचं मागचं झाकण काढलं तर मशीनभोवती पांढरं प्लास्टिकचं कडं. मशीन केसपेक्षा लहान, म्हणून गच्च बसावं यासाठी घातलेलं. काटे काढले आणि डायल उचलायला गेलो तर ती उचलेना. डायलला मागे दोन बारीक पाय असतात, ते मशीनच्या भोकांत बसतात आणि बाजूच्या स्क्रूंनी आवळतात. स्क्रू सैल केले तरी हलेना. नखाने जरा जोर दिला तेव्हा निघाली, आणि मध्ये जिलबीच्या पाकासारखी तार आली. पाय कापून डायल गोंदाने चिकटवलेली होती, आणि गोंद ओघळून काट्यांखालच्या चाकांत गेला होता. डायलवर जाड नवा रंग, 'स्विस मेड' ही अक्षरं फुगलेली. आत एचएमटीचं मशीन. बाकीच्यांत कुणाची हेअरस्प्रिंग (बॅलन्सची केसासारखी बारीक स्प्रिंग) वाकडी, कुणाच्या पॅलेटचा खडा (त्यात बसवलेलं बारीक माणिक) नाही, एका पायलटमध्ये दुसऱ्याच मशीनचा बॅलन्स कसाबसा बसवलेला. ती हातात धरून हलवली की दहा-पंधरा सेकंद चालायची. व्हिडिओला तेवढं पुरतं.

मी फोन केला. तो म्हणाला, "सर, तुम्ही उघडलं का? उघडल्यावर मी काय सांगू? शिकताय ना, होतं असं."

आणि मला ते पटलं! खरंच पटलं. वाकडी हेअरस्प्रिंग बघून मनात आलं, माझाच चिमटा लागला असेल. खडा नाही, तर मीच धुताना घालवला असेल. मुरलेल्या कारागिराला असं कोणी म्हणालं असतं तर त्याने चार शिव्या हासडल्या असत्या. शिकाऊ माणूस आधी स्वतःकडे बघतो. आपल्याकडून चुका होतात हे त्याला रोज दिसत असतं, त्यामुळे दुसऱ्याने केलेली चूकही तो आपल्या खात्यावर लिहून घेतो. हे त्या माणसाने माझ्या आधी ओळखलं होतं. गोंद काही माझ्या चिमट्याने लागला नव्हता, हा साधा हिशोब मला महिनाभर सुचला नाही.

आता मुख्य गोष्ट. आमच्या बापूंकडे जनता आहे. पांढरी डायल, त्यावर देवनागरीत 'जनता' लिहिलेलं. नोकरीच्या पहिल्या पगारातून घेतलेलं. अजूनही रोज सकाळी चहाच्या आधी किल्ली देतात. ते थोडं मागे पडायला लागलं तेव्हा मी म्हणालो, "द्या, साफ करून देतो." चालतं घड्याळ. मामूंची ताकीद मोडली ती अशी.

धुऊन सगळं छान जोडलं. शेवटी बॅलन्सवरचा छोटा ब्रिज बसवताना वरचं टोक खड्यात बसलंय का, बॅलन्स मोकळा डोलतोय का, हे न बघता स्क्रू आवळला. टोक गेलं, म्हणजे बॅलन्सच्या स्टाफचं, त्याच्या आसाचं, केसाएवढं टोक तुटलं. घाबरून स्क्रू उलटा फिरवताना स्क्रूड्रायव्हर घसरला आणि वरच्या मोठ्या ब्रिजवर, मोठ्या चाकाच्या शेजारी, एक ओरखडा पडला. टोकाशी वळलेला, आपण घाईत 'ल' काढतो ना, तसा. लाजेने कुणाला दाखवला नाही.

स्टाफ बदलणं माझ्या आवाक्याबाहेरचं. जुना कातून काढायला लेथ लागतो, नवा बसवायला ठोकायचे खास पंच लागतात, मग बॅलन्सचा तोल साधायचा. बापू रोज विचारायचे, "झालं का रे घड्याळ?" लॉटमधला अनुभव ताजा असूनही मी त्याच माणसाला फोन केला, कारण दुसरा कोणी ओळखीचा नव्हता आणि मला घाई होती. २,२०० रुपये घेतले. नऊ दिवसांत घड्याळ परत. चालू! मोबाइलवरच्या ॲपने ठोके मोजले. या मशीनचे तासाला १८,००० पडायला हवेत, म्हणजे सेकंदाला ५. बरोबर पडत होते. बापूंनी मनगटावर बांधलं. मी त्या माणसाला धन्यवादाचा मेसेज पाठवला, तोही दोन हात जोडून.

पंधरा दिवसांनी, नवा स्टाफ कसा दिसतो बघावा म्हणून, रविवारी झाकण उघडलं. ओरखडा नव्हता.

आधी वाटलं, बिचाऱ्याने पॉलिश करून दिला. मग डोकं चाललं. ब्रिजवरचं प्लेटिंग आणि कोरलेली अक्षरं शाबूत ठेवून तेवढाच खोल ओरखडा नाहीसा करता येत नाही. मामूंच्या घरी गेलो. त्यांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. त्या डोळ्याला भिंग लावून त्यांनी घड्याळ दिव्याखाली तिरपं केलं. "इसकू चार जनां खोले," म्हणाले. स्क्रूच्या खाचा चारी दिशांनी चावलेल्या, पण वरून घासून उजळ केलेल्या. "तुम्हारी मशीन ये नै." स्टाफ बदलायला अर्धा दिवस आणि कसब लागतं, मशीन बदलायला दहा मिनिटं. त्याने कुठलंतरी दोनशे रुपयांचं कसंबसं चालणारं मशीन आत टाकलं होतं. केस आमची, डायल आमची, काटे आमचे. आत दुसरंच.

त्याला फोन केला. "सर, तुम्हीच उघडलं असेल, तुम्हालाच आठवत नसेल." ओरखड्याचं बोललो तेव्हा फोन कट, मग नंबर ब्लॉक. मराठवाडा एक्सप्रेसने संभाजीनगरला गेलो. शहागंजच्या टॉवरमागे तासभर विचारत फिरलो, दोन घड्याळवाल्यांनी चहा पाजला, पण या नावाचा माणूस कोणाला माहीत नाही. घरी येऊन कुरिअरची पावती नीट पाहिली, तर पार्सल भलत्याच जिल्ह्यातून निघालेलं. पावती पहिल्या दिवसापासून माझ्याच ड्रॉवरमध्ये होती.

१९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार केली. त्या नंबरचा खरा फायदा लगेच फोन केला तर होतो. पैसे पुढच्या खात्यांत जाण्याआधी गोठवता येतात. मी दोन महिन्यांनी केला. तरी व्यवहाराचे यूटीआर (बँकेचे ओळख) नंबर, चॅटचे स्क्रीनशॉट, पावती, सगळं जोडून दिलं, नोंद झाली. ग्राहक आयोगाचा रस्ताही आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. पण समोरच्याचा खरा पत्ताच हाती नाही तर नोटीस कुठे धाडणार?

आता मी काय करतो ते सांगतो. घड्याळ दुरुस्तीला देताना झाकण उघडून मशीनचे उजेडात फोटो काढतो, बॅलन्सच्या आसपासचे आकडे आणि खुणा दिसतील असे, आणि ते फोटो कारागिराला आधीच पाठवतो. आपण पाहून ठेवलंय हे त्याला कळलं पाहिजे. विकत घेताना आजची तारीख लिहिलेल्या कागदावर घड्याळ सपाट ठेवून पाच मिनिटांचा न तोडलेला व्हिडिओ मागतो, आधी डायल वर, मग डायल खाली. पार्सल कॅमेऱ्यासमोर उघडतो, आणि झाकणाला हात लावण्याआधी हलवून, ऐकून, सपाट ठेवून बघतो, तेही कॅमेऱ्यासमोरच. म्हणजे "तुम्ही उघडलं" हे वाक्य त्याला नंतर वापरता येत नाही. आणि मी काय तपासतो, हे कोणालाच सांगत नाही. इथे लिहिलंय तेवढं सोडून.

गेल्या महिन्यात लातूरच्या एका मित्राने फोटो पाठवले. तोही या नादातला. नवाच नंबर, पण वाक्यावाक्याला तोच "सर". "जनताचं मशीन, बंद आहे, पार्ट्ससाठी, पण गॅरंटीने सांगतो एकदाही उघडलेलं नाही." फोटो मोठा करून पाहिला. मोठ्या चाकाच्या शेजारी माझा 'ल'. मित्राला पैसे पाठवू दिले नाहीत. फोटो आणि नवा नंबर तक्रारीत जोडला. खोटं नाही सांगत, क्षणभर वाटलं, मित्राच्या नावाने आपणच विकत घेऊन टाकावं.

बापूंना यातलं काही सांगितलेलं नाही. घड्याळ चालतंय, दिवसाला मिनिटभर पुढे जातं, ते रोज बातम्यांना लावून घेतात. परवा सकाळी चहाच्या आधी किल्ली देता देता थांबले, अंगठ्याने किल्लीचं बटण पुन्हा चाचपलं आणि म्हणाले, "काय रे, किल्ली जरा कडकच लागायली हिची. पहिल्यासारखी नाही."

मी म्हणालो, "नवं तेल आहे ना, बापू."