मोबाईलचा थर्मल कॅमेरा: शाळेसाठी घ्या, साप शोधायला नको

मी चोपडा तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. फोनच्या चार्जिंगच्या जागी खोचायचा थर्मल कॅमेरा, म्हणजे कोण किती गरम ते चित्रात दाखवणारा, आम्ही प्रयोगशाळेसाठी मागवला. आगपेटीएवढा आहे, २५६ × १९२ पिक्सेलचा, किंमत वीस हजारांच्या पुढे. पैसे माजी विद्यार्थ्यांनी जमवून दिले, तेव्हा वस्तू कशी निघाली ते सांगायला हवं.

आधी जाहिरातीबद्दल. विक्रेत्यानं ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘रात्री शेतात साप ओळखा’. आमच्या भागात असलं वाक्य लोक गंभीरपणे घेतात. शेतीपंपाची वीज पुष्कळदा रात्रीच्या पाळीत येते आणि केळीला पाणी द्यायला माणूस अंधारात बांधानं जातो. त्याच्यासाठीच हे लिहिलंय, आणि ते साफ चुकीचं आहे. साप आपल्यासारखा अंगातली उष्णता टिकवून धरत नाही. ज्या मातीवर पडलाय, थोड्या वेळात तिच्याच तापमानाला येतो. आमच्याकडच्या सर्पमित्रानं एका बागेतून पकडलेली धामण संध्याकाळी नाल्याकाठी सोडली, तेव्हा मी कॅमेरा लावून शेजारी उभा होतो. स्क्रीनवर त्याचे हात लखलखीत दिसले, धामणीच्या शेपटीवर त्याच्या बोटांची ऊब राहिलेले ठिपके दिसले, आणि बाकीची धामण गायब! डोळ्यांसमोर चांगली लांबलचक धामण, अन् कॅमेऱ्यात नुसते ठिपके सरकतायत. पाणी भरायला जाणाऱ्यानं हे पैसे गमबूट आणि चांगल्या बॅटरीवर घालावेत.

मग घेतला कशाला? तर हा कॅमेरा साप दाखवत नसला तरी काही सापांना काय जाणवतं ते फार छान दाखवतो. पिट व्हायपर गटातल्या सापांना, म्हणजे आपल्या सह्याद्रीत बांबूवर-झुडपांवर राहणारा हिरवा चापडा किंवा अमेरिकेतला रॅटलस्नेक, नाकपुडी आणि डोळा यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना एकेक खळगा असतो. आपल्या घोणस-फुरशांना तो नसतो, हे पोरांना आवर्जून सांगावं लागतं. खळग्यात एक पातळ पडदा ताणलेला असतो, दोन्ही बाजूंनी हवा. समोरच्या उंदराच्या अंगातून निघालेले अवरक्त किरण (डोळ्यांना न दिसणारे, उष्णतेचे) पडले की पडदा किंचित तापतो आणि चेतातंतू मेंदूला कळवतात. कॅमेऱ्यातही तेच घडतं. त्याचा प्रत्येक पिक्सेल म्हणजे अधांतरी बसवलेली बारीक पट्टी. ती तापली की तिचा विद्युत रोध बदलतो. फरक चित्राच्या स्पष्टतेत. खळग्याचं तोंड रुंद, त्यामुळे पडद्यावर पडतं ते पुसट चित्र. सापाचा मेंदू ते डोळ्यांनी दिसणाऱ्या चित्राशी जोडून घेतो, आणि अंधारातही नेम बहुधा साधतो.

पडद्याच्या चेतातंतूंत हे काम कोणतं प्रथिन करतं, ते २०१० मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेनं रॅटलस्नेकवर काम करून दाखवलं. नाव टीआरपीए-१. तेच प्रथिन आपल्या अंगात मोहरीच्या झणक्याला जागं होतं. मिरचीचा तिखटपणा ओळखणारं भावंड वेगळं, टीआरपीव्ही-१. त्याच्या शोधासाठी ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल मिळालं, आर्डेम पटापुटियन यांच्याबरोबर. हे सांगितल्यावर मागच्या बाकावरून प्रश्न आला, ‘सर, मंग सापले ठेचा तिखा लागी का?’ पुढची दहा मिनिटं वर्ग माझ्या हातात नव्हता.

प्रयोग मात्र भरपूर होतात. जानेवारीच्या गार सकाळी पाचोळ्यामागे बसलेली शाळेची मांजर दिव्यासारखी उठून दिसते. काचेच्या खिडकीमागे मुलगा उभा केला की तो नाहीसा होतो, काच हे किरण अडवते. काळ्या पॉलिथिनच्या पिशवीत हात घातला तर उलट, हात आरपार दिसतो. पाझरणारा माठ गर्द निळा, म्हणजे गार. सगळ्यात मोलाचा धडा आमच्या उन्हाळ्यानं दिला. एप्रिलमध्ये दुपारी पत्र्याच्या शेडखाली कॅमेरा धरला तर पोरांचे चेहरे भिंतीपेक्षा काळपट दिसले, कारण भिंतच अंगापेक्षा जास्त तापलेली. म्हणजे खळगा काय पकडतो, तर फरक. भोवताल आणि भक्ष्य सारखंच गरम झालं तर पिट व्हायपरलाही त्याचा उपयोग नाही. पुस्तकातून हे मला कधी इतकं पटवून देता आलं नव्हतं.

मुख्याध्यापक किमतीवरून कुरकुरत होते. त्यांना मी त्यांच्या बीपीच्या गोळीची कुळकथा सांगितली. ब्राझीलमधला जराराका हाही पिट व्हायपरच. १९६५ मध्ये सर्जिओ फरेरा यांनी त्याच्या विषातून ब्रॅडीकायनिनचा, म्हणजे रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या अंगातल्या रसायनाचा, परिणाम वाढवणारे घटक शोधले. त्या धाग्यावरून कॅप्टोप्रिल हे बीपीचं औषध घडलं, १९८१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, आणि एनालाप्रिल, रामिप्रिल ही पुढची भावंडं. सर गप्प झाले, कुरकुर थांबली असं नाही. आपल्याकडचं सर्पदंशाचं औषध नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांच्या विषावर बनतं, चापडा त्यात नाही, हेही त्याच बैठकीत निघालं.

आता तक्रारी. आतलं शटर दर थोड्या वेळानं टक् करतं आणि चित्र क्षणभर गोठतं. मांजर नेमकी तेव्हाच उडी मारते. फोनची बॅटरी भराभर उतरते. ॲप फक्त इंग्रजीत, आणि लोकेशन कशाला मागतं कोण जाणे. तापमानाचे आकडे फोन गरम झाला की भरकटतात, तेव्हा त्यावर ताप मोजायला जाऊ नका. भिंग रुमालानं पुसू नका, ओरखडे पडतात.

पाचपैकी साडेतीन तारे. अर्धा विक्रेत्याच्या त्या ओळीसाठी कापला, एक शटरसाठी. मागवताना फोनचं तोंड सी-टाईप आहे का बघा, जाड कव्हर काढल्याशिवाय कॅमेरा नीट बसत नाही, आणि उन्हाळ्यात प्रात्यक्षिक सकाळच्या शाळेत पहिल्याच तासाला घ्या.