जुनी बाईक घेताना रिकॉल यादी आणि सर्व्हिस बुलेटिन: कशावर किती विसंबायचं

जुनी बाईक बघायला गेलं की टायर, चेन, सायलेन्सरचा धूर सगळेच तपासतात. त्या मॉडेलमध्ये काय बिघडतं हे खुद्द कंपनीनेच लिहून ठेवलेलं असतं, ते मात्र फार थोडे वाचतात. ही माहिती मिळण्याची तीन ठिकाणं आहेत आणि तिघांचा उपयोग सारखा नाही.

पहिलं ठिकाण म्हणजे वाहन उत्पादकांच्या संघटनेची, सियामची, रिकॉल यादी. रिकॉल म्हणजे दोष दुरुस्त करायला कंपनीने विकलेल्या गाड्या परत बोलावणं. कंपन्यांनी स्वतःहून रिकॉल जाहीर करायची संहिता जुलै २०१२ पासून आहे. कोणत्या मॉडेलच्या किती गाड्या परत बोलावल्या, हे या यादीवरून कळतं. तुमच्या समोर उभ्या असलेल्या गाडीचं काम झालं की नाही, हे कळत नाही. घरबसल्या पहिली चाळणी लावायला यादी चांगली, त्यापुढे तिचा उपयोग संपतो.

रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५० घ्या. मे २०२१ मध्ये कंपनीने मिटिऑर, क्लासिक आणि बुलेट मिळून २,३६,९६६ गाड्या इग्निशन कॉइलमधल्या (स्पार्क प्लगला वीज देणारा भाग) दोषासाठी बोलावल्या. त्यातल्या क्लासिक आणि बुलेट जानेवारी ते एप्रिल २०२१ मध्ये बनलेल्या होत्या. पुढे डिसेंबरमध्ये नव्या क्लासिकच्या २६,३०० गाड्यांचा रिकॉल आला. १ सप्टेंबर ते ५ डिसेंबर २०२१ या काळात बनलेल्या, सिंगल चॅनल एबीएस (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, एकाच चाकाला) आणि मागे ड्रम ब्रेक असलेल्याच गाड्या त्यात होत्या. मागे डिस्क असेल तर हा मुद्दा सोडून द्या.

तारखा उत्पादनाच्या आहेत, पासिंगच्या नाहीत. नेमकी इथेच गफलत होते. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत महाराष्ट्रात निर्बंध होते, त्यामुळे एप्रिलमध्ये बनलेली गाडी जून-जुलैत पासिंग झालेली असू शकते. आरसीवर उत्पादनाचा महिना आणि वर्ष वेगळं छापलेलं असतं, तेच बघा.

कॉइलचा दोष थंड इंजिनवर लपतो. गाडी गरम झाल्यावर मिसिंग मारते, ओढ कमी होते. गल्लीत एक चक्कर मारून हे कळणार नाही, वीस-पंचवीस मिनिटं चालवा. ड्रम ब्रेकच्या गाडीत दोष होता स्विंगआर्मला, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्याला, लागलेल्या रिअ‍ॅक्शन ब्रॅकेटचा. ब्रेक दाबला की चाकाबरोबर ब्रेक प्लेटही फिरू पाहते, तिला हा ब्रॅकेट धरून ठेवतो. मागचा ब्रेक फार जोरात दाबला गेला तर त्याला इजा होऊ शकते. आधी ब्रेकमधून वेगळा आवाज येतो, मग पकड कमी होते. गाडी मेन स्टँडवर घ्या, चिखल पुसा, टॉर्च मारा. ब्रॅकेटच्या मुळाशी रंगाला केसाएवढी चीर किंवा गंजाची बारीक रेघ दिसली तर सौदा तिथेच थांबवा.

दुसरं ठिकाण कंपनीचं अधिकृत सर्व्हिस सेंटर. आमच्या मते सगळ्यात भरवशाचं हेच. आरसीची प्रत घेऊन जा, आधी तिच्यावरचा चॅसिस नंबर गाडीवर ठोकलेल्या नंबराशी पडताळा. मग काउंटरवर दोन प्रश्न विचारा: या चॅसिसवर एखादं रिकॉलचं काम बाकी आहे का, आणि जॉब कार्डांवर (प्रत्येक सर्व्हिसच्या कामाची नोंद) कोणते पार्ट वॉरंटीत बदलल्याचं दिसतं? दुसरा प्रश्न जास्त मोलाचा. सर्व्हिस बुलेटिन म्हणजे कंपनीने डीलरला पाठवलेली सूचना: लक्षण, कारण, उपाय, सुधारित पार्टचा नंबर. भारतात ती सहसा गिऱ्हाइकापर्यंत पोचत नाही, आणि बरीचशी कामं तक्रार घेऊन येणाऱ्यालाच करून मिळतात. पहिल्या मालकाने तक्रारच केली नसेल तर जुना पार्ट अजून तसाच असतो. विकणारा चॅसिस नंबर द्यायला टाळाटाळ करत असेल तर टोकन देऊ नका.

तिसरं ठिकाण थोडं आडवळणाचं, पण वाचनीय. अमेरिकेत कंपन्यांना आपली बुलेटिन सरकारच्या रस्ते सुरक्षा खात्याकडे द्यावी लागतात आणि ती कोणालाही वाचता येतात. चाकणला बनलेली केटीएम ३९० ड्यूक आणि चेन्नईची इंटरसेप्टर ६५० तिथेही विकली जाते. इंटरसेप्टर शोधताना ‘आयएनटी ६५०’ असं शोधा, तिकडे तिचं तेच नाव आहे. आपला चॅसिस नंबर तिथे टाकून उपयोग नाही, आणि काही पार्ट व ट्यूनिंग वेगळं असू शकतं. तरी कोणता जोड गळतो, कोणता सेन्सर दगा देतो, हे कळलं की मिस्त्रीला नेमकं बोट दाखवता येतं.

यामाहाच्या २०१७ च्या एफझी २५ आणि फेझर २५ या गाड्या आता स्वस्तात मिळतात. हेड कव्हरचा, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणाचा, बोल्ट सैल होण्याच्या दोषासाठी जानेवारी २०१८ मध्ये त्यांच्या २३,८९७ गाड्यांचा रिकॉल झाला होता. हेड कव्हरच्या कडेला तेलाचा ओलावा आहे का, ते बोट फिरवून बघा. नुकतीच धुऊन आणलेली गाडी असेल तर चालवून आणल्यावर पुन्हा बघा.

गाडी घेतल्यावर फॉर्म २९ आणि ३० भरून आरसी नावावर होते, पण कंपनीच्या नोंदीत फोन नंबर पहिल्या मालकाचाच राहतो. पुढचा रिकॉल निघाला तर निरोप त्यालाच जाईल. पहिल्याच सर्व्हिसला नाव आणि मोबाइल बदलून घ्या, आणि बदललेला नंबर जॉब कार्डवर छापून आलाय का, ते तिथेच बघा.